यादीतलं बारावं नाव

अठरा नोव्हेंबर दोन हजार पंचवीस, मंगळवार, सकाळी धुकट, वारा नाही, एमआयडीसीचा आंबूस वास खिडक्या लावूनही घरात… ही माझ्या वहीतली नोंद, आणि एवढं लिहून झाल्यावर शहाण्या माणसाने डोंबिवलीत, आपल्या घरात, गप बसायचं की नाही? पण नाही! आमच्या शकूला, म्हणजे बायकोला, निवांत दिवस हवा होता. "अहो, जन्म गेला वह्या खरडण्यात, एक दिवस चित्रं तरी बघा!" बरं, कुलूप लावतोय तर जिन्याच्या कठड्यावर कावळा. एकच. ओरडत नाही, हलत नाही, नुसता माझ्या टकलाकडे बघतोय. तुम्हाला सांगतो, तेव्हाच परत फिरायला हवं होतं!

आता कावळ्याचं आणि माझं जुनं आहे, ते आधी सांगतो. नव्व्याण्णव साली आम्ही मोहन्याला राहायचो. मी तीस वर्षांचा, डोक्यावर केस, आणि भर दुपारी कावळ्याने त्या केसांत टोच मारली. झालं! आमची आई, हौसाबाई, उंबऱ्यातच बसली. "चांगदेवा, कावळा शिवला रे तुला! आता मेल्याची बातमी कळवायला पाहिजे!" म्हणजे आमच्यात काय, जवळच्या माणसांना खोटंच सांगायचं की हा गेला, त्यांनी चार टिपं गाळली की अरिष्ट टळतं, आणि संध्याकाळी खुलासा करायचा, की आहे हो, जिवंत आहे, जेवतोय. यादी कोणी केली? मीच! स्वतःच्या मरणाची यादी, स्वच्छ अक्षरात, दोन रकाने आखून: 'बातमी' आणि 'खुलासा'. नावं बारा. अकरा पुढे मावली, बारावं पाठीमागे लिहिलं. शिवराम. माझा जिवलग मित्र, पेंटर, तेव्हा बोर्ड रंगवायला नागपूरला गेलेला. फोन करायला धाकटा भाऊ तानाजी बूथवर गेला. ती वही अजून आहे माझ्याकडे.

असो. ठाण्यात खोपटला उतरलो, एसटी डेपोच्या मागे जुन्या बंगल्यात ते चित्रसंग्रहालय. दुपारचे दोन, आत चिटपाखरू नाही, पंखा फिरतोय पण वारा कुठेच लागत नाही. तिकिटाच्या टेबलावर दर्शना नावाची मुलगी, मोबाइलमधून मान वर केली, माझ्याकडे बघितलं, मग आतल्या भिंतीकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. "काका, तुम्ही… आधी आलेलात का इथे?" नाही म्हटलं. "नाही ना? मग चेहरा कसा काय… जाऊ दे, टेन्शन नका घेऊ, बघून या." टेन्शन नका घेऊ! तुम्हाला सांगतो, तेव्हाच परत फिरायला हवं होतं!

पहिल्या खोलीत खाडी, होड्या, मिठागरं. दुसरीत देवळं. मी आपला सावकाश, प्रत्येक पाटी वाचतोय, शकू पुढे गेलेली, आणि तिसऱ्या खोलीतून तिचा आवाज… आवाज कसला, बारीक चिरका धागा. "अहो… इकडे या. नको, नका येऊ. या!"

गेलो. भिंतीवर मी.

मी म्हणजे मीच हो! तिशीतला, केसांसकट, चाळीच्या गॅलरीत मांडीवर वही घेऊन बसलेला. फ्रेमला वाळलेला हार, खाली पाटी: 'कै. चांगदेव. मृत्यू १८ नोव्हेंबर १९९९. चित्रकार: शिवराम.' स्वतःच्या नावामागे कै. वाचलंय कधी तुम्ही? शकूने माझा दंड चाचपून बघितला. लग्नाच्या बायकोने! चाचपून!

दर्शना मागे येऊन उभी. "ते शिवराम आजोबांचे फ्रेंड होते. आजोबा येतात ना दरवर्षी, आजच, चार वाजता. नवीन हार घालायला."

तेव्हा डोक्यात लख्ख झालं. खुलाशाच्या वेळी तानाजीने पान उलटलंच नव्हतं! आणि महिन्याभरात आम्ही डोंबिवलीला आलो, म्हणजे शिवराम मोहन्याला गेला असेल तर कुलूप बघून परतला असणार. आणि मी? मी सव्वीस वर्षं घोकतोय, गेला नागपूरला आणि विसरला, एक फोन नाही, तर मी तरी का करू?

शकू म्हणाली, "आता आला की सांगून टाका. मित्र परत मिळेल." मी म्हटलं सांगतो. दोन तास त्या भिंतीसमोर बाकावर बसलो, तो वरून बघतोय, मी खालून. चित्रातला मी अजिबात डोळे मिटत नव्हता.

चारला चार मिनिटं असताना शिवराम आला. वाकलेला, हातात पिशवी, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. थेट माझ्याजवळ. "अहो, जरा स्टूल धरता का? डुगडुगतं."

धरलं. तो वर चढला, मी खाली, आणि म्हटलं आत्ता सांगावं, पण हळूच, आधी चाचपून बघावं. म्हणालो, "समजा हो… समजा तुमचे हे मित्र जिवंत असते तर?"

शिवराम वरूनच हसला. "कावळा शिवल्याची बातमी असेल असं माझी बायकोही म्हणालेली तेव्हा. मी वाट बघितली ना, खुलाशाची! पण जिवंत असता तर सव्वीस वर्षांत एकदा तरी शोधत आला नसता का? चांग्या तसला माणूस नव्हता हो."

शकू माझ्याकडे बघत होती. मी स्टुलाच्या पायाकडे. तुम्हाला सांगतो, परत फिरायची वेळ केव्हाच गेलेली!

उतरला, पिशवीतून पुडा काढला. "घ्या, त्याच्या नावाने. खारी फार आवडायची त्याला." मला? मला नानकटाई आवडायची! खारी ह्यालाच आवडायची! पण मेलेल्याने तक्रार कुठे करायची? "नाव काय आपलं?" त्याने विचारलं. "फार धीराने धरलंत."

वहीत नोंद आहे. हार झेंडूचा, चार वाजून सात मिनिटांनी घातला. खारी दोन, एक मी, एक शकूने. नाव सांगितलं तानाजी. पुढच्या वर्षी अठरा नोव्हेंबरला बुधवार आहे, चार वाजता, स्टूल मी धरायचं ठरलंय.