दाताची खूण

नाही नाही, ते शिलाई मशीनवर ठेवू नका — लोकांचं कापड आहे तिथे, पांढरं. जे काय आणलंय ते खाली वर्तमानपत्रावर ठेवा. शी, तेलानं नुसतं माखलंय. कुठे ठेवलं होतंत, किल्ल्यांच्या डब्यात? — वाटलंच. वास इथवर येतोय. मी तुम्हाला दाराच्या कुलपासाठी बोलावलंय, किल्लीवाले, ते आधी बघा. किल्ली आत जाते, पण फिरत नाही. रविवारी माझी ताई येतेय. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, तिला दारात ताटकळत उभं नाही करायचं मला. तुमच्या त्या चिंधीचं नंतर बघू.

आणि आत्ता आठवण झाली होय, बियांची? आठ वर्षांनी? मी तोंडावर बोलते, राग मानू नका — आणि मानलात तरी मला काही फरक नाही. आमच्या परसबाग मंडळाचा नियम एकच — महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायचं, वीस दाणे न्यायचे, पेरायचे, हंगाम संपला की चाळीस आणून द्यायचे. वर्गणी नाही, काही नाही. एवढंही जमू नये माणसाला? तुम्ही नेलेत ते नेलेतच. पुढच्या वर्षी यादीत तुमच्या नावावर मी माझ्या हातानं काट मारली. खाल्ले असतील शिजवून, असं सगळ्यांसमोर म्हणाले. म्हणाले ते म्हणाले, लपवत नाही.

तुम्ही एकटेच नाही म्हणा. वीट आलाय मला या लोकांचा. औषधांच्या दुकानवाल्यानं एकदा पिशवी आणली, तर आत दाण्यांपेक्षा भुंगे जास्त — टेबलावर ठेवली तर पिशवी आपली आपण हलतेय, आणि हा हसतोय. एक शाळेतल्या बाई आहेत, त्या प्रत्येक पाकीट बोट चाटून उघडतात, तेच ओलं बोट आत दाण्यांत. कोणी बी वाळवत नाही. किती वेळा सांगायचं — दाणा पुढच्या दातांत धरा, दाबा. दाताची खूण उमटली तर तो अजून ओला, आठवडाभर पसरून ठेवा. खूण नाही उमटली, खड्यासारखा लागला, की मगच बरणीत. आणि सगळं बी कधी एका बरणीत ठेवायचं नाही, निम्मं दुसऱ्याच्या घरी. ही माझ्या ताईची शिकवण, तिनं चाळीस वर्षं हा घेवडा असाच सांभाळला. मग ती लेकाकडे राहायला गेली, चौथ्या मजल्यावर, तिथे ना माती ना ऊन, तेव्हा माझ्या हातात बरणी देऊन म्हणाली, धाकटे, आता हा तुझा. तर मी ही शिकवण दर महिन्याला उभी राहून सांगते, आणि ते माना डोलावतात आणि घरी जाऊन परत तेच करतात.

काय? — हो, तोच. खिडकीतून मांडव दिसतोय ना, तो ताईचाच घेवडा. चांगला आलाय यंदा. — चोच? कसली चोच? — हं, शेंगेच्या टोकाला. मग? — सरळ आहे तर सरळ आहे. माती बदलली की जरा इकडेतिकडे होतं. तुम्ही तुमचे स्क्रू काढा. मला घेवडा शिकवू नका, मी शिकवते लोकांना घेवडा.

...तुमच्याकडे वाकडीच येते म्हणजे? तुमच्याकडे कुठून येणार? — खोटं बोलू नका हो. सगळं जग खोटं बोलतंय इथे.

थांबा. जरा थांबवा ती कानस, डोक्यात जातेय. सांगते. कशाला सांगतेय कोण जाणे, पण तुम्ही टोक बघितलंत, तसं ताईही बघणार — आल्या आल्या चपलासुद्धा न काढता ती मागच्या अंगणात जाणार. फोनवर दरवर्षी विचारते, चोच वाकडी येते ना गं? मी म्हणते, येते. सहा वर्षं म्हणतेय. तो मांडव आहे ना, तो ताईचा घेवडा नाहीच. बाजारातून आणलेले दाणे आहेत ते, जरा सारखे दिसणारे. मंडळात तेच वाटते, पाकिटावर ताईचं नाव घालून. त्या ग्रंथपाल बाई दरवर्षी मोजून चाळीस आणून देतात, वर म्हणतात, तुमच्यामुळे हे बी टिकलं. इतक्या प्रेमानं म्हणतात की मला स्वतःची शिसारी येते. खरंच येते. घरी येऊन साबणानं हात धुते.

झालं काय, तर त्या औषधवाल्याचे भुंगे बघून मी घाबरले. म्हटलं, आपल्या बरणीत शिरले तर? कोणीतरी म्हणालं, बी फ्रीजरमध्ये ठेवा, भुंग्यांची अंडीसुद्धा मरतात. ते बरोबरच आहे — पण बी खडखडीत वाळलेलं असलं तर. ओलं असेल तर बी पण मरतं. आणि मी चावून बघितलं नाही. मी. — दात दुखत होते म्हणून. नाही, दुखत नव्हते, नव्हतेच. पुढचे सगळे त्याच महिन्यात काढले होते, नवी कवळी होती, कोणाला सांगितलं नव्हतं. ताईलाही नाही. तुम्हीही ऐकलंत ते कानाआड करा. दुसऱ्या कोणाला चावून बघा म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, तुम्ही का नाही चावत? म्हणून बोटांनी दाबून बघितलं. कडक लागले. बरणी फ्रीजरमध्ये. एकच बरणी, सगळं बी. पेरल्यावर दहा दिवसांनी उकरलं तर हाताला नुसता लगदा लागला, बुळबुळीत, घाण मारणारा. तो वास अजून जात नाही.

बाकीच्यांकडे का नाही म्हणता? कारण त्याच वर्षी मी फतवा काढला होता — जुनं-नवं, ज्याच्याकडे जे असेल ते सगळं जमा करा, मी नीट वाळवून ताजं बी सगळ्यांना वाटते. शिस्तीची ना मी. सगळ्यांनी मुकाट्यानं आणून दिलं, शेवटच्या दाण्यापर्यंत. यादीत होते त्या सगळ्यांनी.

यादीत होते त्यांनी.

ती पिशवी द्या इकडे. — असू दे तेल, द्या. ही शिलाई माझी आहे. निळ्या चौकटीचा सदरा होता भाऊजींचा, ताईच्या नवऱ्याचा, ते गेल्यावर त्याच्या पिशव्या शिवल्या होत्या मी, पाकिटं नंतर आली. गाठ किती घट्ट मारलीत... हं. पांढरा दाणा. आणि डोळ्याभोवती हा जांभळट डाग, पोरानं जांभूळ खाऊन तोंड पुसलं नाही तसा. ताई असंच म्हणायची. — हे गेल्या हंगामातले? दरवर्षी लावत होतात? कुठे? — दुकानामागच्या जाळीवर. त्या गटाराशेजारी. शी.

मग आणून का नाही दिलेत? — काय? जरा मोठ्यानं बोला. — पहिल्या वर्षी एकतीसच झाले, चाळीस भरेनात, म्हणून लाज वाटली. आणि दुसऱ्या वर्षी भरपूर झाले तर यादीवर काट दिसली. दारातून परत गेलात. पिशवी हातात घेऊन. आणि मी आत उभी राहून बी कसं सांभाळायचं ते सांगत असणार.

एक दाणा घ्या. तुमचे दात तुमचेच आहेत ना? मग धरा पुढच्या दातांत. दाबा. अजून. — दाखवा इकडे. खूण नाही.

आता हे निम्मे परत न्या. सांगतेय ते ऐका, वाद घालू नका, निम्मे तुमच्याकडेच राहतील, त्याच घाणेरड्या डब्यात ठेवा हवं तर. निम्मे मी रविवारी ताईच्या हातात देईन, आणि कोणी जगवले तेही सांगेन. आणि कोणी मारले तेही.

किल्ली फिरतेय? मग निघा आता. चहा वगैरे काही नाही. मला तो मांडव उपटायचाय, आणि उपटताना कोणी बघितलेलं मला चालणार नाही. दार ओढून घ्या.