दत्तूने न लावलेलं शेवटचं रीळ

आगरच्या बायांनो, बाप्यांनो, मसोलीहून रिक्षा करून आलेल्या पाहुण्यांनो, आणि महेश, तुझ्या बापासाठी जमलेल्या सगळ्यांनो,

मला बोलायला उभं केलंय. उभं म्हणजे खुर्चीतच. गुडघे उभे राहायला तयार नाहीत. मी आयुष्यभर पाटी डोक्यावर घेऊन ओरडत फिरले, मला बोलायचं भय नाही. पण माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल बोलणं वेगळं. मासळी विकताना समोरचा उलट बोलतो. इथे दत्तू उलट बोलणार नाही. फोटोत नुसता बघतोय. म्हणून अवघड जातंय.

माझी नात तलासरीच्या शाळेत शिकवते. ती म्हणाली, "आजी, तू सांग, मी लिहून घेते, म्हणजे विसरणार नाहीस." लिहिलंय तिने. कागद तिच्याच हातात आहे, कारण माझ्या हातात दिला तर मी उलटा धरीन. मला अक्षर येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आज ते मुद्दाम सांगते. का, ते पुढे कळेल.

मी आज रडणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. माझ्या छातीवर पन्नास वर्षांहून जास्त एक धोंडा होता, तो या दत्तूने जाता जाता उचलला. मी हलकी झालेय. तोही हलका होऊन गेला. रडायचं कशाला?

दत्तूला तुम्ही म्हातारा पाहिलात. मी पाहिला तो पोरसवदा. आपल्या वाड्यात जन्मलेला एकच पोरगा, ज्याला होडीत बसलं की ओकारी यायची. बाप डोकं धरून बसायचा. "कोळ्याचा पोर आणि दर्या बघून पिवळा पडतो!" शेवटी स्टेशनजवळच्या टॉकीजात ऑपरेटर लागला. तिथे हलत नाही काही, पडद्यावरची माणसं सोडून.

माझा नवरा दामू त्याचा दोस्त. दामू फौजेत गेला, दत्तू टॉकीजात. दामू म्हणायचा, "आमच्यातला एकच काय तो मर्द, आणि दुसऱ्याला फुकट पिक्चर." दामू रजेवर आला होता. महिन्याची रजा होती, पंधरवड्यातच बोलावणं आलं. गेला. मला तेव्हा सातवा महिना.

तेच दिवस. लढाई होणार, होणार म्हणत होते. घराघरांत काचांना काळे कागद चिकटवत होते. आणि त्याच दिवसांत टॉकीजात तो पिक्चर लागला.

आम्ही बाया दुपारच्या खेळाला जायचो. सकाळी मासळी विकायची, पाट्या धुवायच्या आणि टॉकीजात. शेठची अट, पाट्या बाहेर ठेवायच्या. पाट्या बाहेर ठेवल्या तरी आम्हाला कसा वास येणार नाही, ते शेठला कधी कळलं नाही.

पिक्चर एका जवान पोराचा होता. रजेवर घरी येतो. शेजारी शिंप्याची मुलगी. हा वर्दी दुरुस्तीला देतो. ती बटण मुद्दाम सैल शिवते, म्हणजे ते सुटेल आणि हा परत येईल. हा येतो. ती पुन्हा सैल शिवते. बाप ओरडतो, "तुला एक बटण नीट शिवता येत नाही?" आम्ही हसून हसून मेलो. मग रजा रद्द होते. स्टेशन. गाडी हलते. ती त्याच्या छातीला हात लावते आणि बटण तिच्या मुठीत येतं. गाडी जाते. ती मूठ मिटून उभी.

आणि दिवे लागले. संपला पिक्चर.

आम्ही खूश! परत येणारच ना तो? बटण तिच्याकडे आहे! त्या आठवड्यात आम्ही तीनदा गेलो. तीनदा गाडी गेली, तीनदा मूठ मिटली, तीनदा दिवे लागले. तीनदा आम्ही म्हटलं, येणारच ना, बटण तिच्याकडे आहे!

तुम्ही तरण्या पोरी हसताय. तुमच्या नवऱ्याची होडी निघताना तुम्ही त्याच्या सदऱ्याचं बटण तोडून पदराला बांधता, आणि तो आला की शिवता. कुठून आलं ते? देवाने सांगितलं? या म्हातारीने सांगितलं! त्या पिक्चरमधून आलं ते. सगळी मसोली आपल्याला हसते, आगरच्या बाप्यांची छाती उघडी म्हणून. माझा बाळू बघा, तिसऱ्या रांगेत बसलाय. नातवंडं झाली, तरी दुसरं बटण नाही. बायको सुई घेऊन विसरली वाटतं.

तर पिक्चर लागल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी मसोलीत पाटी घेऊन गेले. तिथे या आपल्या मास्तरीणबाई. त्या मास्तरांबरोबर संध्याकाळच्या खेळाला गेल्या होत्या. बोंबील निवडता निवडता म्हणतात, "बिचारा गेला गो तो."

मी म्हटलं, "कोण गेला?"

"पिक्चरमधला शिपाई."

"गावाला गेला म्हणा. लढाईवर गेला म्हणा. गेला काय म्हणता?"

"अगं, शेवटी त्याची ट्रंक नाही का येत?"

मी त्यांच्या हातातले बोंबील परत घेतले, हो! पोटुशी बाई, नवरा फौजेत, आणि ही असं बोलते? अख्खा पापलेटचा मोसम मी त्यांच्या दारात पाटी उतरवली नाही. मास्तरांना बटाट्याच्या भाजीवर दिवस काढावे लागले.

मी मात्र छान राहिले. जेवले. झोपले. सासू सांगेल ते खाल्लं. दामूच्या सदऱ्याचं बटण माझ्याकडे नव्हतं, तो आधीच गेला होता. पण मला वाटायचं, त्या मुलीचा येतोय तर माझाही येईल. बाळू झाला तो केवढा! सुईण म्हणाली, "गो, हा पोटातूनच जेवून आलाय."

बाळू सव्वा महिन्याचा असताना तार आली.

त्यावर मी जास्त बोलणार नाही. त्या घरातल्या रडण्याला आता साक्षीदार फार थोडे उरलेत. मास्तरीणबाई आल्या होत्या. माझ्या बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुढे कधी वाड्यातल्या बाया त्यांना डिवचायच्या, "काय बाई, तुम्ही शिपाई मेला म्हणत होतात ना?" तर त्या म्हणायच्या, "माझंच चुकलं. मला मेलीला डुलकी लागली असेल."

आता दत्तूचं.

त्या तारेनंतर दत्तूने माझ्याकडे बघणं सोडलं. समोरून आला की तोंड फिरवायचा. सकाळी मी पाटी घेऊन निघाले आणि हा सायकलवर भेटला, तर सायकल वळवायचा. माझ्याकडून मासळी घेईना. आणि हा दामूचा दोस्त!

मला काय वाटलं असेल? तुम्हीच सांगा. सकाळच्या पारी विधवा बाई समोर आली, म्हणून हा तोंड फिरवतो. दुसरं काय वाटणार? बाकी कोणी फिरवलं असतं तर मी चार शिव्या घातल्या असत्या. पण हा दत्तू. मी वरवर चिडवायचे, "काय ऑपरेटरसाहेब, मान आखडली?" आणि घरी जाऊन पाटी आपटायचे. पन्नास वर्षांच्या वर, बायांनो. एका गल्लीत राहून.

अखेर दत्तू जायच्या तीन आठवडे आधी महेश आला. "काकी, बाबांनी बोलावलंय."

मी गेले. पडवीत खाटेवर पडला होता. माझ्याकडे बघत होता. सरळ.

मी म्हटलं, "आज तोंड नाही फिरवलंस ते?"

म्हणाला, "मान वळत नाही आता."

"म्हणजे नाइलाज."

"बस, हिरू. त्या पिक्चरचं शेवटचं रीळ मी तुम्हाला दाखवलंच नाही."

मी म्हटलं, "कुठल्या पिक्चरचं?"

"बटणाच्या."

मग त्याने सांगितलं. गाडी गेल्यावर आणखी एक रीळ होतं. मुलीच्या दारात ट्रंक येते. आत वर्दी. त्या वर्दीला एक बटण नाही. ती दोरा ओवते आणि बटण शिवते. या वेळी घट्ट. मग पडद्यावर अक्षरं येतात, 'समाप्त'. दुपारी आम्ही बाया असायचो, तेव्हा त्याने ते रीळ डब्यातच ठेवलं. संध्याकाळी गावातली माणसं यायची, तेव्हा लावलं. शेठ त्याच्या गुजरातीत ओरडला, "दत्तू, छेल्लुं रील क्यां गयुं?" शेवटचं रीळ कुठे गेलं म्हणून. हा म्हणाला, "शेठ, तुटतंय." आठवडाभर रोज दुपारी तुटलं, आणि रोज संध्याकाळी जुळलं.

आता कळलं, मी अक्षराचं का सांगितलं? वाचता येणारी एक जरी बाई आमच्यात असती, तर म्हणाली असती, 'समाप्त' आलं नाही, अजून पिक्चर आहे, बसा गप. आमच्यात कोणालाच येत नव्हतं. दिवे लागले की संपलं. आम्ही उठलो, पाट्या उचलल्या आणि घरी.

मी विचारलं, "का रे नाही लावलंस?"

म्हणाला, "मशीनच्या खोलीतल्या भोकातून बघितलं. तू पुढेच बसली होतीस. पोटावर हात ठेवून हसत होतीस. माझा हातच गेला नाही रिळावर."

मग म्हणाला, "तार आली, तेव्हा वाटलं, मी तुला फसवलं. खोट्या आशेवर ठेवलं. आणि वर तू बायांना बटणं तोडायला लावलंस. एकेक होडी निघाली की मला घाम फुटायचा, हिरू. त्या पिक्चरमध्ये बटण तुटलेला माणूस परत येत नाही. हे अख्ख्या वाड्यात मला एकट्याला माहीत. कुठल्या तोंडाने बघणार तुझ्याकडे?"

मी म्हटलं, "म्हणून तोंड फिरवायचास?"

"म्हणून."

"मी विधवा म्हणून नाही?"

त्याला कळेचना मी काय विचारते ते. मग कळलं. तेव्हा असं बघितलं माझ्याकडे! म्हणाला, "वेडी आहेस काय? दामूची बायको तू."

बायांनो, मी हसले. इतकी हसले की महेशची बायको पाणी घेऊन धावत आली. तिला वाटलं, म्हातारीला काहीतरी झालं. झालंच होतं. धोंडा निघाला होता.

मग मी त्याला सांगितलं, ते आज तुम्हालाही सांगते. मी म्हटलं, "दत्तू, माझ्या घरी तार एकदाच आली. तू ते रीळ लावलं असतंस, तर दोनदा आली असती. पहिली टॉकीजात, दुसरी घरी. मधले दिवस मी उपाशी काढले असते. तो बाळू एवढा झाला असता काय? तू मला फसवलं नाहीस. तू मला जेवू घातलंस."

तो रडला. मी त्याला रडू दिलं. इतक्या वर्षांचं तुंबलं होतं.

मग डोळे पुसून विचारतो, "आणि बटणांचं काय? बायांना खरं सांगायचं?"

मी म्हटलं, "सांगीन. पण बटण तोडणं थांबवायचं नाही." का थांबवायचं? सगळेच परत आले असं नाही. दर्या आहे तो, त्याला बटणाचं काय? पण जो येतो, त्याचं बटण शिवायला बाईला त्याच्या छातीशी उभं राहावं लागतं. तोंडात दोरा धरलेला, म्हणजे भांडता येत नाही. त्यालाही हलता येत नाही, सुई टोचेल. या वाड्यात किती भांडणं त्या सुईपाशी मिटली, ते मला ठाऊक आहे. तेव्हा तोडा गो. बिनघोर तोडा.

त्या दिवसापासून दत्तूने माझ्याकडून मासळी घेतली. तीन आठवडे. पन्नास वर्षांची कसर काढायची होती त्याला. रोज सकाळी मी समोर आले की बघायचा आणि म्हणायचा, "हिरू, आज काय?" शेवटच्या सकाळी मांदेली दिली. म्हणाला, "कुरकुरीत करा." खाल्ली, चहा प्यायला आणि डोळे मिटले. असं मरण मागून मिळत नाही.

एक काम राहिलंय. मास्तरीणबाई, दुसऱ्या रांगेत बसलात ना? तुम्हाला डुलकी लागली नव्हती. तुम्ही खरं बोलत होता, आणि माझ्यासाठी खोट्या ठरलात. सगळ्यांसमोर सांगते, माझं चुकलं. उद्या बोंबील घेऊन येते. हसू नका एवढ्या, कवळी सांभाळा.

आता शेवटचं. दत्तूला उचलायच्या आधी मी त्याच्याजवळ गेले. महेशने त्याला पांढरा सदरा घातला होता. मी त्याचं दुसरं बटण तोडलं. महेशची बायको ओरडली, "काकी, काय करता!" मी म्हटलं, "गप. आपल्याकडची रीत आहे."

दामूचं बटण मला मिळालं नाही. हे मिळालं. हे बघा, पदराला बांधलंय. दत्तू, सुईदोरा घेऊन येते मी. घाई नाही, बाळूच्या नातीचं लग्न बघायचं आहे. पण येणार. येणारच ना? बटण माझ्याकडे आहे.

आता पोरांनो, ती ट्यूबलाइट बंद करा. फोटोपुढची समई तेवढी राहू दे. सगळे गप बसा, दुपारच्या खेळाला बसायचो तसे. आणि मी सांगेपर्यंत कोणी दिवा लावू नका.