कोणी बस म्हटलं नाही

दारव्ह्याच्या जीपमध्ये माझ्यामागं फौजेतून निवृत्त झालेले दोघं बसले होते.

“कपिल, गार्डच्या इंटरव्ह्यूचं काय झालं?”

“सावधानमध्ये उभा राह्यलो, नीळकंठभाऊ. साहेबाले वाटलं, मले घाई आहे. म्हणे, जा मंग.”

“काहून नाही बसला?”

“बस म्हटलंच नाही त्यायनं.”

“अबे, इथं हुकूम कोणी देत नाही. खुर्ची दिसली का बसून जायचं. नमस्कार करायचा, आपलं काम सांगायचं. घरी नाही का बसत?”

“बसलो का पोरगी इचारते, ‘बाबा, सुट्टी कवा संपते?’”

“रिटायर झाला म्हणून सांगतलं नाही तिले?”

“सांगतलं ना. तरी माही फौजेतली काळी पेटी दाराजवळच ठेवली आहे तिनं.”