पाचव्या माणसाचं नाव

मंडळींनो, मागे उभे आहात ते पुढे या. ती जाळी जरा बाजूला सरकवा आणि बसा. मला मोठ्यानं बोलता येणार नाही. हा माईक कुणीतरी स्टँडला लावा रे. हातात धरला की त्याची खरखर तुम्हाला ऐकू येतेय.

उस्मानभाईंच्या मागे राहिलेल्या झुलेखाभाबी, त्यांची लेक सकिना, मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष, आणि आचऱ्याचे सगळे मच्छीमार भाऊ. उस्मानभाईंना परवा आपण माती दिली. ज्या शेडमध्ये बसून ते जाळी शिवायचे, तिथेच उभं राहून आज त्यांच्याबद्दल बोलायचं, हे मला फार जड जातंय. अध्यक्ष मला म्हणाले, "परबानू, तुमी पोलिसातले, तुमची नि तेंची जुनी वळख. दोन शब्द बोला." दोन शब्दांत संपण्यासारखं असतं तर बरं झालं असतं. घरून निघताना बायको म्हणाली, "हात जोडा, दोन वाक्यं बोला नि खाली बसा." तिची भीती खोटी नाही. आमचा मुलगा पोलिसात आहे. तरी मी बोलणार आहे. मधे अडखळलो तर अडखळू द्या, पण मला बसवू नका.

उस्मानभाई लंगडायचे, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. नऊ वर्षांपूर्वी त्यांना पोलिसांनी चार दिवस ठेवून घेतलं होतं, हेही तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी तक्रार केली, खटला अजून चालू आहे. पण त्या चार दिवसांत काय झालं ते ना त्यांनी कधी चारचौघांत सांगितलं, ना मी. ते गेले. आता मी एकटा उरलो आहे.

तेव्हा मी हवालदार होतो. किनाऱ्यावरच्या गावांत मच्छीमारांच्या बैठका घ्यायचं काम माझ्याकडे होतं. याच शेडमध्ये उभा राहून मी सांगितलं होतं, आठवतंय का? समुद्रात अनोळखी बोट दिसली तर कळवा. घाबरू नका. तुम्ही आमचे डोळे, तुम्ही आमचे कान. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्यात. टाळ्या वाजवून सगळे घरी गेले, आणि एका माणसानं ते मनावर घेतलं.

एका सकाळी उस्मानभाई ठाण्यात आले. घरीसुद्धा गेले नव्हते, होडीवरून थेट. लेंगा गुडघ्यापर्यंत ओला. म्हणाले, "हवालदारानू, तुमी सांगितल्यात म्हणान इलंय." खोल पाण्यात एका बोटीनं त्यांच्याकडे प्यायचं पाणी मागितलं होतं. त्यांनी एक कॅन दिला. बोट निळी, नंबर खरवडलेला, माणसं पाच, बोली इकडची नव्हे, तोंड उत्तरेकडे. सगळं सांगितलं. मी चहा मागवला आणि लिहून घेतलं. मी विचारलं, "अनोळखी लोकांना पाणी कशाला दिलंत?" ते म्हणाले, "दर्यात पाण्याक कोण नाय म्हणता काय?"

लक्षात ठेवा, मंडळींनो. त्यांना जे ठाऊक होतं ते सगळं त्यांनी एका चहावर सांगितलं होतं. कुणी बोटही लावलं नव्हतं.

दुपारी बाहेरून पथक आलं. कुठलं, कुणाचं, ते मी इथे सांगणार नाही. जिथे सांगायचं तिथे सांगेन. त्यांनी मी लिहिलेला कागद वाचला आणि बाजूला ठेवला. पाणी दिलं म्हणजे ओळख असणार. ओळख आहे म्हणजे किनाऱ्यावर आणखी माणसं असणार. ती कोण? उस्मानभाई म्हणाले, कोणी नाही. आता बघा, सगळं सांगून बसलेला माणूस आणखी काय सांगणार? पण त्याचं गप्प बसणं लपवण्यासारखंच दिसतं.

मग दार लावलं. खोलीत आम्ही पाच पोलीस होतो. तळपायांवर मारत होते.

पाणी द्या रे जरा.

पाय मी धरले होते. भाबी, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्यांना नव्हतं. सकिना, पोरी, तुलाही नव्हतं. माझ्याकडे बघू नकोस म्हणायचा मला हक्क नाही. बघ.

तुम्हाला वाटेल, वरिष्ठांचा हुकूम होता, परब घाबरला. घाबरलो होतोच. पण खरं सांगायला उभा राहिलोय तर पुरतं सांगतो. त्यांनी बोलावं असं मलाही वाटत होतं. पथकाचे साहेब राक्षस नव्हते. एका स्फोटानंतर त्यांनी स्वतःच्या हातांनी माणसांचे तुकडे गोळा केले होते. ते मला म्हणाले, "परब, तुमची मुलगी मुंबईत शिकते ना? उद्या ती असेल तिथेच बॉम्ब फुटला, तर या माणसाचे पाय जपले म्हणून तुम्हाला झोप लागेल?" माझी मुलगी डोळ्यांपुढे आली आणि माझी पकड घट्ट झाली. इथे बसलेल्यांपैकीही काहींना वाटत असेल, साहेब चूक काय बोलले? मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. मी तुमच्यातलाच होतो.

शेवटी उस्मानभाईंनी नावं दिली. तीन. भिवा. अब्बास. पास्कू.

वयस्कर मंडळींनी माना खाली घातल्या, दिसलं मला. पोरांना सांगतो. ही तिघं उस्मानभाईंच्या होडीवरची माणसं. खूप वर्षांपूर्वी वादळात होडी बुडाली, तिघं गेली, उस्मानभाई एकटे एका फळीला धरून तरले. दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी परक्या बोटीनं त्यांना वर ओढलं आणि पाणी पाजलं. कुठली बोट, कुठली माणसं, त्यांनाही कधी कळलं नाही. त्यानंतर ती जागा आली की ते या तिघांची नावं घ्यायचे आणि गोड्या पाण्याचा एक तांब्या दर्यात ओतायचे. पायांवर काठी बसत होती तेव्हा तीच नावं त्यांच्या तोंडात आली.

प्रेतं सापडली नव्हती. त्यामुळे कागदावर ती तिघं मेलेली नव्हती, "बेपत्ता" होती. ते "बेपत्ता" कुणी लिहिलं होतं? मीच. तेव्हा मी नवा शिपाई होतो, तीन दिवस शोधाच्या बोटीवर फिरून मीच ते लिहिलं होतं. साहेबांनी बेपत्तांच्या यादीतली नुसती नावं आणि तारीख पाहिली आणि त्यांचे डोळे चमकले. तीन समाजांची तीन माणसं, तिन्ही एकाच दिवशी गायब! त्यांनी मला विचारलं, "परब, तुम्ही इथले. ही नावं कधी ऐकलीत?"

मी म्हणालो, "नाही, साहेब."

नऊ वर्षं मी स्वतःला सांगतोय की ती मेलीत हे कळलं तर उस्मानभाईंना पुन्हा मारतील, म्हणून मी खोटं बोललो. थोडं खरं असेलही त्यात. पण एवढं मोठं मन त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं. ही नावं ओळखली म्हटलं असतं, तर "तू कसा ओळखतोस" हा पुढचा प्रश्न मला आला असता.

मग पथक त्या तिघांच्या मागे लागलं. पास्कूच्या घरी गेलं. घरात एकटी म्हातारी आई, सगळे तिला माय म्हणायचे. भांडी खाली, पेटी उलटी, भिंतीवरचा क्रूससुद्धा मागून तपासला. साहेबांनी दरडावून विचारलं, "पास्कू कुठे आहे?" आणि माय हसली, हो. पुढे येऊन तिनं माझ्या हाताला धरलं. "गावलो काय माझो पास्कू? खंय आसा?"

मी हात सोडवून घेतला आणि बाहेर पडलो. चौथ्या दिवशी गाववाल्यांनीच पथकाला गाठून सांगितलं, अहो, ही बुडालेली माणसं. मग उस्मानभाईंना सोडलं. पण माय पुढे कितीतरी दिवस दार लावायची नाही. पोलीस एवढे शोधतात म्हणजे पोर जिवंत असणार, असं तिनं धरलं. उस्मानभाई काठी टेकत तिच्याकडे गेले आणि तिच्या पोराचं मरण तिला दुसऱ्यांदा सांगून आले.

आणि ती निळी बोट? तिचं काय झालं? मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. चार दिवस आम्ही मेलेल्या माणसांना शोधत होतो, आणि चहावर लिहिलेला कागद तसाच पडून होता. ती साध्या डिझेल चोरांची असेल. नसेलही. भीती वाटते मला, मंडळींनो, अजून वाटते. मुलीचा फोन लागला नाही की पहिली ती बोट आठवते.

लोक म्हणतात, खरा अतिरेकी असता तर? नऊ वर्षं मी हाच प्रश्न उलटासुलटा करून बघतोय. तोही मार थांबावा म्हणून नावं देईल. ती जित्यांची की बुडालेल्यांची, हे मला तरी कसं कळणार? मला त्या दिवशी कळत होतं, तरी मी गप्प होतो. आणि समजा, एखाद्याचं नाव खरं निघालं. तर पुढच्या दहा उस्मानभाईंचे पाय धरायला मी मोकळा झालो का? मला एकच ठाऊक आहे. ते पाय माझ्या हातात होते, आणि हात धुऊन ते जात नाही.

मागच्या महिन्यात तारकर्लीच्या एकानं मला सांगितलं, दिवे बंद केलेली बोट बघितली. मी विचारलं, "कळवलंस?" तो म्हणाला, "उस्मानभायन कळवल्यान होता ना? बगलंय मी तेचे पाय." त्याला काय सांगू? हा सगळा किनारा आता गप्प आहे, आणि मीच तो गप्प केलाय.

आता शेवटचं. खोलीत पाच पोलीस होते. उस्मानभाईंच्या तक्रारीत नावं चारच आहेत. पाचवं नाव त्यांनी दिलं नाही. मागच्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी धीर करून विचारलं, "माझं नाव का नाही घातलंत? विसरलात?" ते हसले. म्हणाले, "त्या दिसा जित्या माणसाचा नाव घेतलंय असतंय, तर तेका तुमी धरून हाडून बडयल्यात असतात. मेलेल्याक कोण काय करतलो? पण मायची आठवण माका रवली नाय, ता चुकला." मी म्हटलं, माझ्याबद्दल विचारतोय. तर म्हणाले, "परबानू, सगळ्यांचीच नावां दिलंय असतंय, तर सांगूक कोण उरतलो?"

नऊ वर्षं ते वाट बघत होते. एकदाही तगादा लावला नाही. मी त्यांच्या दारावरून जायचो, ते "बसा" म्हणायचे, चहा द्यायचे. त्यांच्या जिवंतपणी माझं तोंड उघडलं नाही. याची मला लाज वाटते, आणि ती आता जायची नाही.

सोमवारी तारीख आहे. भाबी खटला पुढे चालवणार आहेत. वकील मला म्हणाले, "परब, साक्षीदार म्हणून आत जाल आणि आरोपी म्हणून बाहेर याल." जाईन. तोवर घरचे समजावतील, जुने सहकारी फोन करतील, आणि मी माघार घेईन अशी भीती मला स्वतःचीच वाटते. म्हणून आज तुम्हा सगळ्यांदेखत सांगून ठेवतोय. सोमवारी मी दिसलो नाही, तर मला घरून घेऊन जा.

आता उभे राहूया. दोन मिनिटं कुणी बोलू नका. उस्मानभाईंसाठी. त्यांच्याबरोबर भिवासाठी, अब्बाससाठी, पास्कूसाठी आणि त्याच्या मायसाठीही. शांत राहणं मला नवं नाही, नऊ वर्षं राहिलोय. ही दोन मिनिटं झाली की संपलं.

उस्मानभाई, तुम्हाला शेवटचा सलाम. तुम्ही ठेवून दिलेलं नाव मी देतोय. पाचवा माणूस, गोविंद परब, निवृत्त हवालदार. हे नाव माझ्याकडून कुणी मारून घेतलेलं नाही.