उंबऱ्याला भिडलेला रस्ता

— नाही, बसा ना, पण त्या चादरींवर नको, त्या लॉजच्या आहेत, संध्याकाळी जायच्यात आणि एक चुणी दिसली तरी तो मॅनेजर मलाच ऐकवतो. तिकडे स्टुलावर बसा. मी अशी दाराकडे पाठ करूनच उभी असते, उजेड चादरीवर पडतो म्हणून, राग मानू नका. आणि अभिनंदन माझं कशाला करताय? निवड ताईची झालीय, ताईचं करा. ती काय बाहेर झाडाखाली बसलीय, अख्ख्या गल्लीचा दरबार भरवून. मी आपली इस्त्रीवाली. तुम्ही परक्या शहरातून आलात, आमची भाषा शिकलात, गल्लीतल्या पोराटोरांपासून सगळ्यांना कौतुक आहे तुमचं. मलाही होतं — पहिले चार दिवस.

दोन शहरांची मैत्री म्हणे. भगिनी शहरं. चौकात पाटी लावलीय, तुमच्या आणि आमच्या महापौरांनी मिळून पडदा ओढला, हार घातले, फोटो काढले. तुम्ही आम्हाला रस्ते कसे करायचे ते शिकवणार, आम्ही तुम्हाला छपरावरचं पाणी जमिनीत कसं मुरवायचं ते शिकवणार. छान आहे. पण बहिणी म्हणजे काय असतं ते मला विचारा ना बाई. एक पडून असते आणि दुसरी तिची कूस बदलते, झोपमोड करून, रोज, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याची पाटी लावत नाही कुणी.

काय त्रास आहे म्हणून विचारता? एक आहे का! गाड्या बंद केल्यात गल्लीत, तर लॉजची गाडी आता कोपऱ्यावरच थांबते. गाठोडी कोणी आणायची? तुम्हाला काय, उंटावरून शेळ्या हाकायच्या. हो, महापालिकेनं हातगाडी दिलीय. चालते बरी. धूळही कमी झालीय, चादरी पूर्वीसारख्या दोनदा धुवायला लागत नाहीत, तेही मान्य — पण तो मुद्दा नाही. मुद्दा पायऱ्यांचा आहे. आमच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. तुम्ही रस्ता उचललात आणि आणून उंबऱ्याला भिडवलात, पायऱ्या खाली गाडल्या गेल्या. माझं घर, पण मला कोणी विचारलं? — बरं, विचारलं होतं, सभेत मी होते, सगळ्यांनी हात वर केला म्हणून मीही केला. मला काय ठाऊक पुढे काय वाढून ठेवलंय ते. मधली पायरी हलायची, पाय पडला की खट् वाजायची, दूधवाला आला की बिलवाला, मी मान न वळवता सांगायची. आता माणूस नुसतं आत येतं, सरकन. मघाशी तुम्ही आलात तेव्हा दचकले की नाही मी?

आणि ताई. ताई शाळेत भूगोल शिकवायची, कणा दुखावला आणि त्या पलंगावर आली, ती तिथलीच झाली. तिच्या हाताशी काठी असायची. एकदा ठोकली की पाणी, दोनदा ठोकली की — समजलं ना तुम्हाला. इस्त्री उभी करून मी धावायची. माझं लग्नाचं वय त्या ठोक्यांत गेलं, आणि मी तक्रार करत नाहीये, कोणी माझ्यावर लादलं नव्हतं, मीच म्हटलं होतं की मी आहे. आता ती काठी कोपऱ्यात उभी. बाईसाहेब सकाळी चहा झाला की स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत बाहेर. तिथे समोरची शिवणवाली येते, तो रिटायर झालेला पोस्टमन येतो, आणि ताई हसते. इथपर्यंत ऐकू येतं. इतक्या वर्षांत माझ्यापाशी कधी अशी हसली नाही. अशी म्हणजे — मोठ्यानं. जाऊ द्या.

एवढ्यानं भागलं नाही म्हणून आता तिला घेऊनच निघालात. तुमच्याकडे मोठी सभा, चार देशांची माणसं, त्यांना ही सांगणार की चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला असा रस्ता मिळाला की काय होतं. तुम्हाला दुसरं कोणी सापडलं नाही? तिनं तुमच्या नदीचं नाव सांगितलं, ती कुठे उगम पावते ते सांगितलं, आणि तुम्ही भाळलात. अहो, तिला सगळ्याच नद्या पाठ आहेत. जेवणानंतरची गोळी तेवढी आठवत नाही, ती मी आठवते. आणि सोबतीला कोण, तर शिवणवाली! बहीण घरात असताना शिवणवाली! ताई म्हणे तुमच्या ऑफिसात स्वतः सांगून आली, धाकटीला नको, तिला कामं असतात. कामं. कुणासाठी केली ही कामं मी? त्या शिवणवालीला तिची कूस बदलता येते का, विचारा. काय म्हणालात? मी नाहीच म्हणणार हे ताईला माहीत होतं? हो, म्हटलंच असतं नाही! दुकान कोण बघणार? पण विचारायला काय झालं होतं? एका शब्दानं विचारायचं, मी नाही म्हणायचं, पुन्हा विचारायचं — असंच असतं ना घरात? मला राग आलाय, हो, आणि तो खालपासून वरपर्यंत आलाय.

तेव्हा ऐका, ती येणार नाही. मी कोण अडवणारी? डॉक्टरांनीच नको म्हटलंय. तिला दम लागतो, विमानात काही झालं तर निस्तरणार कोण? — तुम्ही भेटलात डॉक्टरांना? कधी? बरं, मग काय म्हणाले? तपासणीत काही सापडलं नाही, पण बहीण सांगते म्हणून परवानगी देत नाही. बरोबर बोलले. रात्री तिच्या शेजारी कोण झोपतं, मी की डॉक्टर? लागतो म्हटलं ना दम! असं बघू नका माझ्याकडे. मिठाची गुळणी धरून बसलात की समोरचा आपोआप बोलतो, हे शिकवून पाठवतात वाटतं तुम्हाला. बरं, नाही लागत. झालं समाधान? नाही लागत दम. मस्त घोरते ती, सकाळपर्यंत. मीच सांगितलं डॉक्टरांना, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन. जा, सांगा ताईला. तिचा विश्वास बसणार नाही, बहीण मी आहे, तुम्ही नाही. त्या दिवशी मी सांगितलं, झोपेत तुझा श्वास अडकतो गं, तेव्हा घाबरली, माझा हात धरला तिनं. कितीतरी दिवसांनी धरला. म्हणाली, बरं झालं तू आहेस. तुमचा अख्खा रस्ता एका बाजूला आणि ते एका बाजूला, कळलं?

उठा आता. मला चादरी संपवायच्यात. तुमच्या सभेला म्हणावं, त्या घरातून कोणी येत नाही. निघा — अहो, तिकडे काय बघताय? मी बोलतेय ना, माझ्याकडे बघा. माझ्या मागे काय आहे, दार आहे, रस्ता आहे तुमचा —

ताई.

तू कधी आत आलीस?