मास्तर तिसऱ्यांदा साक्षर

तुरुंगात भेटीसाठी नंबर लावून बसलो होतो. पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"मावशी, आमचे हे साक्षरतेच्या परीक्षेत पुन्हा पहिले आले."

"अगं, पण ते तर शाळेत मास्तर होते ना?"

"वीस वर्षं! इथे आता तिसऱ्यांदा साक्षर झालेत."

"ते कसं काय?"

"किती कैदी शिकले, यावर साहेबांना गुण मिळतात. भिंतीवर तक्ताच लावलाय. मग परीक्षेला बसवतात ते हमखास पास होणारेच."

"मग माझा लेकही बसला असेल. इथे आला तेव्हा त्याला एक अक्षर येत नव्हतं, आता हे बघ, पत्र पाठवलंय."

"म्हणूनच त्याला वर्गात घेत नाहीत, मावशी. निकाल खाली येतो."

"काहीतरीच! मग हे पत्र कोणी लिहिलं?"

"अक्षर आमच्या ह्यांचं आहे."

"सगळं?"

"खालचं वाकडंतिकडं 'आई' तेवढं त्याचं. अंघोळीच्या रांगेत हे शिकवतात त्याला. पण हळू बोला, वर्गाबाहेर शिकलेलं तक्त्यात धरत नाहीत."

"खड्ड्यात गेला तो तक्ता! तू मास्तरांना सांग, तुमचं पत्र जरा आखूड करा. माझ्या पोराला जागा कमी पडतेय."