दोन वायरींचं बोलणं

आम्ही मूळचे खेडकडचे, घरी भातशेती, माझं त्यात लक्ष नव्हतं, दहावी नापास झालो तसं बाबांनी रत्नागिरीत एका गाड्यांच्या वायरमनकडे आणून टाकलं, म्हणाले याला नांगर जमत नाय, तारा तरी जोडूंदे. आता मिरजोळ्याला माझी स्वतःची शेड आहे.

काय सांगू ताई तुम्हाला, शोरूमची ती इस्त्रीतली पोरं, बोनेट उघडायच्या आधी स्कॅनर लावतात, त्यावर नाव येईल तो पार्ट बदला म्हणतात. वाचता येणारा कोणीही करील. फातिमाभाभी मिरकरवाड्यावरून पिकअपने मासळी नेते, नवरा गेल्यापासून घर त्या गाडीवर. गाडी चालता चालता बंद पडायला लागली, स्टेअरिंगसमोरच्या डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटायचे. शोरूमने दोन पार्ट बदलले, तरी तेच, मग म्हणाले मेन कॉम्प्युटर गेला. भाभी म्हणाली, भाऊ, विकूनच टाकते आता.

मी म्हटलं थांबा. अहो, गाडीतले सगळे कॉम्प्युटर पीळ घातलेल्या दोन बारीक वायरींवरून एकमेकांशी बोलतात. बॅटरी काढून त्या दोघींत मीटर लावला की साठ ओहम दाखवायला हवं. दाखवलं एकशेवीस. म्हणजे एक कुठेतरी तुटली. मीटर त्या पोरांकडेपण असतो, पण गाडीखाली कोण झोपणार, कपडे मळतात ना! मी झोपलो, बर्फाचं खारं पाणी तोंडावर गळतंय, वायर बोटांनी चाचपत गेलो. एका जागी सोलली तर तांब्याचा हिरवा भुगा, नि वर टेस्टलॅम्पची पिन टोचल्याचं भोक, त्यातूनच खारं पाणी आत शिरलेलं. कुठल्या गाढवानं टोचली, म्हणून खालूनच ओरडलो. मग आठवलं, त्या पोरांना टेस्टलॅम्प धरता येत नाय. मागचे दिवे लागत नव्हते तेव्हा ही गाडी माझ्याकडे होती, नि आम्ही जुने लोक अशीच वायर शोधतो, टोचायची, दिवा पेटला तर करंट आहे.

उंदरानं कुरतडली म्हटलं असतं तर भाभीने मानलं असतं, सगळे तेच सांगतात. पण बाहेर आलो नि सांगितलं, भाभी, भोक माझं. ती म्हणाली, मग एवढा वेळ शिव्या कुणाला घालत होता, भाऊ?

वायर जोडून दिली. गाडी चालू आहे, चालूदे बिचारीची. शोरूमची पोरं गाढवंच, ते मी मागे घेत नाय. फक्त आता त्यांना शिव्या घालताना मोठ्याने घालत नाय.